आईच्या घशातला कापूस
(द्वितीय वर्ष, कला)

रडू फुटण्याआधी घशात काहीतरी दाटते, हा अनुभव कुणाला नाही? आपल्या मराठीने तर त्याची पुष्कळ नावे करून ठेवली आहेत. कंठ दाटतो, गळा भरून येतो, आणि चारचौघांत रडायचे नसेल तर माणूस आवंढा गिळतो. आवंढा गिळला की गेला, माणूस पुढच्या कामाला लागला. पण समजा, गिळूनही तो गेलाच नाही तर? एक दिवस नव्हे, आठवडा नव्हे, तब्बल दहा महिने तो घशात ठाण मांडून बसला तर? आणि रडण्यासारखे काही घडलेले नसताना बसला तर?

माझ्या आईच्या बाबतीत हे घडले. त्यावर जे औषध मिळाले ते पाहून आमचे सारे घर चक्रावून गेले, आणि त्या गोंधळात सर्वांत मोठी चूक माझ्या हातून झाली. वार्षिकांकासाठी काहीतरी लिही असे मानसशास्त्राच्या सरांनी सांगितले तेव्हा प्रथम मी एका कवितेची तयारी केली होती. ती कविता बाजूला ठेवून हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, विज्ञान शाखेचीही नाही. जे पाहिले, जे विचारून घेतले आणि सरांच्या मदतीने जे वाचले, तेवढेच येथे मांडते.

आम्ही इचलकरंजीचे. बापू यंत्रमागावर काम करतात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. आई कांड्या भरायला जाते. ज्यांनी मागाची शेड आतून पाहिलेली नाही त्यांना सांगते, तिथे हवेत सुताची बारीक लव सतत तरंगत असते. केसांवर, भुवयांवर, पदरावर ती साचते. आई संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचे केस दहा वर्षांनी जास्त पांढरे दिसतात, तोंड धुतले की पुन्हा काळे होतात.

२०२४ च्या गणपतीच्या सुमारास ती एकदा म्हणाली, "पोरी, घशात कापूस अडकल्यागत वाटतंय. आत बी जाईना, भाईर बी येईना." आम्हाला त्यात नवल वाटले नाही. कापसात काम करणाऱ्या बाईच्या घशात कापूस अडकणारच! तिने मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या. माशाचा काटा अडकला की आपण जसा कोरड्या भाताचा गोळा गिळतो तसे गोळे गिळले, केळी खाल्ली, ज्येष्ठमध चघळला. आत्या आली, तिने "कुणाची तरी नजर लागलीया" म्हणून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. दिवाळी आली तरी कापूस जागच्या जागी.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आई जेवायला बसली की तिला काही होत नसे. ज्वारीची भाकरी, तिखट ठेचा, सगळे बिनतक्रार खाली जाई. जेवताना गोळा नाहीसा होई आणि हात धुतल्यावर पुन्हा हजर होई. नुसती थुंकी गिळताना तो सर्वांत जास्त जाणवे. म्हणून आई तो गेला की नाही हे पाहण्यासाठी सारखी गिळून बघे, आणि जितकी गिळे तितका तो मोठा होई. या लक्षणाचा अर्थ तेव्हा आम्हा कुणालाच कळला नाही. वस्तुतः रोगाची अर्धी ओळख त्यातच होती.

गल्लीतल्या डॉक्टरांनी आम्ल वाढले असेल म्हणून गोळ्या दिल्या. दीड महिना घेतल्या, फरक पडला नाही. तोवर आईच्या मनात दुसरीच भीती शिरली होती. ती मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, हे शहरातल्या वाचकांसाठी. आमच्या गल्लीतली एक बाई घशाच्या कॅन्सरने गेली, तीही मिश्री लावत असे. आई बोलत नव्हती, पण रात्री उठून आरशापुढे तोंड उघडून उभी राहायची. मी जागी आहे हे तिला ठाऊक नव्हते. मी काही विचारलेही नाही. घरात एक शब्द कोणी उच्चारला नाही म्हणजे ती गोष्टच नाही, असे आम्ही सर्वजण वागत होतो.

शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये मी तिला घेऊन कोल्हापूरच्या एका रुग्णालयात गेले. अर्ज लिहायचा, फॉर्म भरायचा, इंग्रजी वाचायचे असले की आमच्या घरात मी. दहावीच्या पुढे गेलेले माझ्याशिवाय कुणी नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मान चाचपून पाहिली, थायरॉईडची गाठ तर नाही ना ते पाहिले, रक्त तपासले. मग नाकातून एक बारीक, लवचिक नळी आत घालून घसा स्वरयंत्रापर्यंत पाहिला. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटे वळेनात. डॉक्टर म्हणाले, "मावशी, घसा अगदी स्वच्छ आहे. काहीही नाही."

हे ऐकून आनंद व्हावा, पण बाहेर आल्यावर आई म्हणाली, "काय न्हाई म्हंजे? मग मी काय खोटं बोलतीया व्हय?"

तिचा राग मला तेव्हा समजला नाही. आता असे वाटते की त्या एका वाक्याचे दोन अर्थ होते. डॉक्टरांना म्हणायचे होते, घशात वस्तू नाही, गाठ नाही. आईला ऐकू आले, तुला त्रासच नाही. डॉक्टरांनी रात्री झोपताना घ्यायची दहा मिलिग्रॅमची एक बारीक गोळी लिहून दिली आणि महिन्याने बोलावले. दालनाबाहेर साठ-सत्तर माणसे रांगेत उभी होती. गोळी कशाची, हे ना त्यांनी सांगितले ना आम्ही विचारले.

आता माझी चूक. घरी आल्यावर मी पाकिटावरचे नाव वाचले, ॲमिट्रिप्टिलीन. मोबाईलवर शोधले. पहिल्याच ओळीत आले, अँटीडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरचे औषध. मी कॉलेजात जाणारी, मानसशास्त्र घेतलेली! मोठ्या जाणतेपणाने घरात जाहीर केले की ही घशाची गोळीच नव्हे, ही मनाच्या आजाराची गोळी आहे. आईने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मला याड लागलंय म्हणत्यात व्हय त्यो डाक्टर?" चार दिवस घेतलेली गोळी तिने त्या रात्रीपासून बंद केली. चार दिवसांत तिचे तोंड कोरडे पडत होते आणि सकाळी उठायला जड जात होते, तेही निमित्त झाले. पुढचे जवळजवळ तीन महिने आई तशीच राहिली. वजन घटले नव्हते, पण झोप उडाली होती, आणि कांड्या भरताना मध्येच थांबून ती घसा चोळत बसे. त्या काळात माझी प्रथम वर्षाची परीक्षा झाली. मानसशास्त्राचा पेपर मला छान गेला, हे लिहिताना आज लाज वाटते.

परीक्षेनंतर मी सरांना सहज म्हणून हे सांगितले. त्यांनी मला उपदेश केला नाही. ग्रंथालयात बसवून त्यांनी मला काही लेख आणि पुस्तकातील प्रकरणे काढून दिली, कठीण शब्दांचे अर्थ वहीत लिहून दिले. त्यातून जे समजले ते असे.

या तक्रारीला वैद्यकात ग्लोबस म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ गोळा. तक्रार नवी नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने बायकांच्या एका व्याधीचे वर्णन केले आहे. घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखे वाटते, असे ते वर्णन आहे. पुढे चिनी वैद्यकात तिला आलुबुखारच्या कोयीचे नाव पडले. कुणाला मांस, कुणाला कोय, माझ्या आईला कापूस. ज्याच्या हाताखाली जे असते तेच त्याच्या घशात अडकते!

युरोपात मात्र या व्याधीच्या वाट्याला वाईट नाव आले. प्राचीन ग्रीक वैद्यांची समजूत अशी की स्त्रीचे गर्भाशय शरीरात वर सरकते आणि त्यामुळे नाना विकार होतात. गर्भाशयाला ग्रीक शब्द हिस्टेरा, त्यावरून हिस्टेरिया. घशातला गोळा त्याच खात्यात जमा झाला आणि त्याला हिस्टेरियाचा गोळा म्हणू लागले. १७०७ साली जॉन पर्सेल या इंग्रज डॉक्टराने त्याचे बारकाईने वर्णन केले आणि मानेचे स्नायू आवळल्यामुळे घशावर दाब येत असावा असे सुचवले. म्हणजे निदान कारण तरी घशाजवळ आणले. नाव मात्र तेच राहिले, आणि थेट १९६८ साली माल्कमसन या डॉक्टराने ते बदलावे असे सांगितले. त्याने पाहिलेल्या बहुतेक रुग्णांत हिस्टेरियाचे काही लक्षण नव्हते. त्याने सुचवलेले नाव साधे होते, घशातला गोळा. आमच्या आत्याने एका दमात "नजर" म्हटले याचे मला हसू आले होते. पण शिकल्यासवरलेल्या जगाला 'हिस्टेरिया' हा शब्द सोडायला किती शतके लागली हे वाचल्यावर ते हसू मावळले.

ही तक्रार दुर्मिळही नाही. घशाच्या डॉक्टरांकडे नव्याने येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ४ टक्के याच तक्रारीसाठी येतात. एरवी निरोगी असणाऱ्या माणसांतही जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात केव्हातरी ही जाणीव झालेली असते. बहुतेकांची ती येते आणि जाते. काहींची मात्र राहते.

आता ती राहते का? घशाच्या तळाशी, जिथे अन्ननलिका सुरू होते, तिथे स्नायूंचे एक कडे आहे. पिशवीच्या तोंडाला नाडी असावी तसे ते एरवी आवळलेले असते. घास आला की क्षणभर सैल होते, घास गेला की पुन्हा मिटते. मनावर ताण आला की हे कडे जास्त आवळते, असे निरोगी माणसांवरही मोजून पाहिलेले आहे. एवढ्याने उत्तर मिळाले असते तर बरे झाले असते, पण ज्यांना गोळा जाणवतो त्या सगळ्यांचे कडे जास्त आवळलेले आढळत नाही. काहींच्या बाबतीत जठरातले आम्ल वर येते आणि घसा चुरचुरतो, म्हणून आधी आम्लाची गोळी देऊन पाहणे चूक नव्हते. पण तेही सर्वांना लागू पडत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत पटले. आपल्या घशातून मेंदूकडे सतत निरोप जात असतात. थुंकी साचली, हवा गेली, स्नायू हलला. मेंदू त्यांतले बहुतेक निरोप बाजूला टाकतो, आपल्यापर्यंत पोचू देत नाही. अंगावरच्या कपड्याचा स्पर्श आपल्याला दिवसभर जाणवत नाही, तसेच हे. काही माणसांत ही चाळणी ढिली होते. जो निरोप वाटेतच विरायचा, तो मोठ्या आवाजात वर येतो. अशा रुग्णांच्या अन्ननलिकेत बारीक फुगा हळूहळू फुगवून पाहिला, तेव्हा इतरांपेक्षा फुगा लहान असतानाच त्यांना तो जाणवला. म्हणजे संवेदना खरी आहे, माणूस खोटे बोलत नाही, आणि तरीही घशात वस्तू नाही. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे मला कळायला ग्रंथालयातली ती दुपार लागली.

त्यात भर कोरड्या गिळण्याची. थुंकी नसताना पुन्हा पुन्हा गिळले की पोटात हवा जाते, स्नायू दमतात, कडे आणखी आवळते आणि गोळा वाढल्यासारखा वाटतो. घास किंवा पाण्याचा घोट गिळताना कडे नीट सैल होते, म्हणून जेवताना आराम वाटतो. खरोखरीच वाट अडली असती तर आधी भाकरीच अडली असती.

मी रात्री बापूंना हे समजावून सांगत होते. चाळणी, निरोप, मेंदू असे माझे पुस्तकी शब्द चालले होते. बापू बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे धागा शाबूत हाय, पर माग उगाच थांबतोय." यंत्रमागावर धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी एक व्यवस्था असते. ती बिघडली, फार हलकी झाली, की धागा न तुटताही माग थांबतो. नवखा कामगार मग तुटका धागा शोधत बसतो. तो सापडत नाही, कारण तो तुटलेलाच नसतो. अशा वेळी धागा बदलून उपयोग नाही, ती थांबवणारी व्यवस्था जरा कमी हळवी करावी लागते. मला जे चार पाने वाचून कळले ते बापूंनी एका वाक्यात सांगितले. गोळीचे कामही त्यांना मग वेगळे समजवावे लागले नाही.

पण वाचकांना ते सांगितले पाहिजे. १९५६-५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून या डॉक्टराच्या असे लक्षात आले की इमिप्रामीन नावाचे एक रसायन नैराश्याच्या रुग्णांना बरे करते. दुसऱ्याच एका मनोविकारासाठी ते देऊन पाहिले होते, तिथे ते कुचकामी ठरले होते. ॲमिट्रिप्टिलीन हे त्याच कुळातले. अमेरिकेत १९६१ साली त्याला मान्यता मिळाली तीही नैराश्यासाठीच. म्हणून त्याच्या नावापुढे तो शिक्का कायमचा बसला. पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले की फार कमी मात्रेत हेच औषध नसांच्या दुखण्यावर, अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून, पोटाच्या काही चिवट तक्रारींवर उपयोगी पडते, आणि त्या माणसाला नैराश्य असो वा नसो. मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारी सिरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन ही द्रव्ये ते जास्त वेळ टिकवून धरते. मेंदूकडून खाली येऊन संवेदना मंद करणाऱ्या ज्या वाटा आहेत, त्या यामुळे बळकट होतात असे मानले जाते. थोडक्यात, चाळणी पुन्हा ताणून बसते.

मात्रेचा फरक लक्षात घ्यावा. नैराश्यासाठी हे औषध साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागते. घशातल्या गोळ्यासाठी सुरुवात १० पासून होते, फार तर २५ पर्यंत जाते. ॲस्पिरिनचे उदाहरण घ्या. ताप-डोकेदुखीला ते तीनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागते. हृदयाच्या रुग्णाला रोज ७५ मिलिग्रॅम देतात ते रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. आमच्या शेजारचे काका ती गोळी घेतात, त्यांना कुणी "तुम्हाला रोज ताप येतो काय?" असे विचारत नाही.

पुरावा किती, असेही मी सरांना विचारले. २०१३ साली चिनी डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशा रुग्णांच्या दोन गटांपैकी एकाला चार आठवडे रात्री २५ मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलीन दिले, दुसऱ्याला आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल. पहिल्या गटात सुमारे ७५ टक्के रुग्णांचा त्रास निम्म्याहून कमी झाला, दुसऱ्यात सुमारे ३६ टक्क्यांचा. आकडे चांगले दिसतात, पण रुग्ण सारे मिळून तीसएकच होते. सर म्हणाले, तीस माणसांवरून जगाचा नियम करू नये. मलाही तसेच वाटते. पुष्कळांना तर "गाठ नाही" एवढ्या खात्रीनेच उतार पडतो. वाचा-उपचाराचे तज्ज्ञ घसा सैल सोडण्याचे व्यायाम शिकवतात, त्यानेही काहींना बरे वाटते. गोळी हा त्यापुढचा उपाय.

आणि तो उपाय आपल्या मनाने करण्याचा नव्हे, हे ठासून सांगते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याला, काचबिंदू असणाऱ्याला, लघवी अडणाऱ्या म्हाताऱ्याला ते त्रासदायक ठरू शकते. जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर हृदयावर घातक परिणाम होतो, म्हणून पाकीट लहान मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. तोंड कोरडे पडणे, गुंगी, बद्धकोष्ठ हे तर नेहमीचेच. त्यातले कोरडे तोंड या रोग्याला जास्त छळते, कारण कोरड्या तोंडाने गिळणे आणखी कठीण. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्रास मात्र पहिल्याच रात्री सुरू होतो. माझ्या आईने चौथ्या दिवशी सोडले त्याचे हेही एक कारण होते. हे कुणी आधी सांगितले असते तर तिने दम धरला असता.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तपासणी आधी, गोळी मागून. घास अडत असेल, गिळताना दुखत असेल, वजन उतरत असेल, आवाज बसून तीन आठवड्यांत सुटत नसेल, मानेला गाठ लागत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, किंवा त्रास एकाच बाजूला असेल, तर तो आईसारखा गोळा नव्हे. तिथे एक दिवसही दवडू नये. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, मावा खाणारी माणसे घराघरांत आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही पुड्या कुठे मिळतात हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. अशा माणसाने तर नळी घालून घसा पाहून घेतल्याशिवाय "ताण असेल" असे म्हणूच नये. आईच्या मनातली भीती खुळी नव्हती. ती खरी ठरली नाही, एवढेच.

मे महिन्यात आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो. गोळी बंद केल्याचे आणि का बंद केली ते मी डॉक्टरांना सांगितले. मला वाटले, रागावतील. ते म्हणाले, "वाचलंस ते चांगलंच केलंस. अर्धं वाचून थांबलीस, आणि उरलेलं अर्धं मी सांगायला पाहिजे होतं." मग खुर्ची जरा पुढे ओढून ते आईला म्हणाले, "मावशी, तुमच्या घशाच्या नसा जरा जास्त जाग्या झाल्यात. त्यांना निजवायची ही गोळी. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही."

आईला हे पटले. मला मात्र त्यातले शेवटचे वाक्य अजून खटकते. समजा, तिला खरोखरच नैराश्य असते, तर? तर ती गोळी घ्यायला लाज वाटावी असे त्यात काय होते? डॉक्टरांनी तिला घरात काही काळजी आहे का असेही विचारले. आई "न्हाई" म्हणाली. त्याच वर्षी आजी वारली होती, बापूंचा माग दोन महिने बंद होता आणि माझी फी उसनवारीने भरली होती. यातले काहीही तिला काळजी या सदरात घालावेसे वाटले नाही. दुःखाचाच गोळा झाला असे मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसे म्हणाले नाहीत. मनावर ताण असला की हा त्रास वाढतो असे बहुसंख्य रुग्ण सांगतात, एवढेच खात्रीने म्हणता येते.

गोळी पुन्हा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात सकाळी आईला उठवावे लागे, म्हणून डॉक्टरांना विचारून ती वेळ झोपेच्या दोन तास आधी, आठ वाजता केली. कोरड्या तोंडासाठी ती पाण्याची बाटली जवळ ठेवू लागली, आणि कोरडे गिळावेसे वाटले की त्याऐवजी एक घोट घेऊ लागली. ही सवय गोळीइतकीच कामी आली असावी असा माझा संशय आहे. प्रथम झोप सुधारली. तिसऱ्या आठवड्यातही गोळा होताच, मग मात्रा २५ झाली. जुलैत एकदा मी सहज विचारले, "आई, कापूस कसा आहे?" ती पीठ मळत होती. हात थांबवून तिने एकदा गिळून पाहिले आणि म्हणाली, "अगं, काल बी न्हवता जणू." कधी गेला ते तिला सांगता आले नाही. लक्षात राहावे असे ते जाणे नव्हतेच.

पुढे तो पूर्ण गेला असे मात्र नाही. कुठे भांडण झाले, रात्रपाळीत बापूंना यायला उशीर झाला की संध्याकाळी घशाशी थोडे जाणवते. आई आता आरशापुढे जात नाही, पाण्याचा घोट घेते. नोव्हेंबरपासून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवत आहेत. एकदम सोडले तर मळमळ, डोकेदुखी, झोपमोड होते, म्हणून महिन्या-महिन्याने कमी. सध्या पुन्हा दहावर आली आहे. गोळ्यांचे पाकीट देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असते, धाकट्या भावाचा हात पोचत नाही तिथे.

त्याच फळीवर मिश्रीची डबीही असते. डॉक्टरांनी दोन्ही वेळा बजावले की घसा आज स्वच्छ असला तरी ती सोडलीच पाहिजे. आई म्हणते, गोळी सुटली की मिश्री सोडीन. मी म्हणते, आधी मिश्री. हे भांडण आमच्याकडे रोज रात्री आठ वाजता, गोळीच्या वेळेला, अजून चालू आहे.